बाजारात जी भाजी, तिची किमची : प्रकल्प नोंदी

19 ऑक्टोबर 2024

घरी किमची (भाजी मिठात-मसाल्यात मुरवून आंबवलेलं कोरियन लोणचं) करायला लागल्यापासून एकच प्रश्न सगळीकडून येतो: "चायनीज कोबी मिळत नाही, साधा कोबी घातला तर चालेल का?" चालेल. पण भाजी बदलली की मीठ, कापण्याची पद्धत आणि मुरवण्याचे दिवसही बदलावे लागतात. कृती तीच ठेवून नुसती भाजी बदलली तर जे होतं ते खाववत नाही आणि दोष मात्र कोबीला लागतो. म्हणून या नोंदी. पुण्याच्या बाजारात ज्या हंगामात जे येतं त्याची किमची करायची आणि काय जमलं ते लिहून ठेवायचं.

कोरियातही भाजी बदलावी लागते, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. गेल्याच महिन्यात तिथे उन्हाळा लांबला, डोंगराळ गांगवॉन प्रांतातलं पीक बसलं आणि सरकारला चीनमधून कोबी मागवावा लागला. 2010 च्या शरदातही असाच तुटवडा झाला होता. तेव्हा राष्ट्राध्यक्ष ली म्युंग-बाक यांनी आपल्या ताटात बेचूऐवजी (म्हणजे आपण म्हणतो त्या चायनीज कोबीऐवजी) साध्या गोल कोबीची किमची वाढा, असं सांगितलं. लोक संतापले, कारण गोल कोबीही तेव्हा तितकाच महाग झाला होता. मला त्यातली एवढीच गोष्ट महत्त्वाची वाटते की गोल कोबीची किमची हा तिथे सगळ्यांच्या माहितीतला पदार्थ आहे. तिला 'यांगबेचू किमची' म्हणतात आणि तिची स्वतःची रीत आहे.

तेव्हा या प्रकल्पाचा नियम असा: आधी बघायचं की हातातल्या भाजीची किमची कोरियन घरांत होते का. होत असेल तर तीच रीत उचलायची. होत नसेल तर भाजीत पाणी किती, साखर किती, करकरीतपणा कुठून येतो, हे पाहून ठरवायचं.

27 ऑक्टोबर

आज फक्त वाचन आणि एक तक्ता.

वू जांग-चुन नावाचे कृषिशास्त्रज्ञ होऊन गेले. वडील कोरियन, जन्म टोकियोचा. 1935 साली त्यांनी मोहरीच्या कुळातल्या सहा जातींचं एकमेकींशी असलेलं नातं एका त्रिकोणात मांडलं. 1950 मध्ये ते कोरियात गेले आणि 1959 मध्ये वारेपर्यंत कोबी-मुळ्याचं चांगलं बियाणं देशातच तयार व्हावं म्हणून राबले. त्यांचा त्रिकोण मी फ्रीजवर चिकटवला आहे, कारण भाजी बदलण्याचं अर्धं गणित त्यात आहे.

चायनीज कोबी, बोक चॉय (चिनी पालेभाजी) आणि शलगम ही एकाच जातीची रूपं. साधा कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल ही दुसऱ्या एका जातीची. आपली मोहरी ही चायनीज कोबीची जात आणि काळी मोहरी यांच्या संकरातून आलेली. मुळा या त्रिकोणात नाही, पण कुळ तेच. म्हणजे दिसायला कोबीसारखा कोबी असला तरी चायनीज कोबीला जवळचा आहे बोक चॉय. चव आणि पानाचा पोत याच हिशेबाने जातो.

आणखी एक. घट्ट गड्ड्याचा बेचू कोरियन किमचीत मुख्य झाला तो गेल्या शे-सव्वाशे वर्षांत. तेराव्या शतकातला कवी यी ग्यू-बो याने परसातल्या सहा भाज्यांवर लिहिलं आहे, त्यात काकडी, वांगं, मुळा, कांद्याची पात, दुधी भोपळा आहे, आणि हिवाळ्यासाठी मिठात घातलेला मुळा आहे. बेचू नाही. मिरचीही नाही, ती तर सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तिथे पोचली. तेव्हा मुळा-काकडीची किमची करताना आपण काही कमी दर्जाचं करतोय असं वाटून घ्यायचं कारण नाही.

9 नोव्हेंबर

तुलनेसाठी आधी चायनीज कोबीचीच किमची. मार्केट यार्डात एक्झॉटिक भाज्यांच्या गाळ्यावर मिळाला.

निवड करताना: हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. आतलं पान फिकट पिवळं, पांढरा दांडा पातळ. दांड्यावर तिळाएवढे काळे ठिपके असतात, ती कीड नव्हे, खुशाल घ्या. आपल्याकडचे गड्डे कोरियातल्यापेक्षा लहान आणि सैल असतात, म्हणून मीठ लवकर लागतं. तिकडच्या कृतीत रात्रभर लिहिलेलं असलं तरी इथे सहा-सात तास पुरतात.

बुडाशी सुरीने चीर द्यायची आणि पुढे हाताने फाडायचा. सबंध सुरीने कापला तर आतल्या कोवळ्या पानांचा चुरा पडतो. एक लिटर पाण्याला 100 ग्रॅम खडेमीठ, त्यात बुडवून काढायचा, मग दांड्यांच्या खाचेत कोरडं मीठ भुरभुरायचं. पानांवर नको. दर दोन तासांनी खालचा वर, वरचा खाली.

झालं की नाही ते घड्याळावर ठरवू नये. बाहेरचा जाड दांडा घ्यायचा आणि बोटाभोवती वाकवायचा. तीन तासांनी तो 'कट्' करून मोडला, मधला भाग कोरडा पांढरा होता. साडेसहा तासांनी तोच दांडा निमूट वाकला, मोडला नाही, कडेला अर्धपारदर्शक झाला आणि दाबल्यावर पाण्याचे बारीक थेंब आले. चावला तर आतून अजून करकरीत. इथेच थांबायचं. तीन पाण्यांनी धुवून चाळणीत पालथा घालून दोन तास निथळत ठेवला.

बाहेरची हिरवी पानं टाकायची नाहीत. तीही मिठात घालायची आणि बरणी भरून झाली की वरून दडपण म्हणून पांघरायची. हवा त्यांना लागते, खालची किमची सुरक्षित राहते.

16 नोव्हेंबर

साधा कोबी.

याच्या पानावर मेणासारखा थर असतो आणि पानं एकमेकांना घट्ट बिलगलेली. अख्खा किंवा अर्धा गड्डा मिठाच्या पाण्यात ठेवला तर पाणी वरच्या दोन-चार पानांपलीकडे जात नाही. त्यामुळे बेचूची रीत इथे लागूच पडत नाही. चिरूनच घ्यायचा. साधारण तीन सेंटिमीटरचे चौकोन. देठाचा जाड भाग वेगळा काढून पातळ काप.

मीठ कोरडं, वजन करून: एक किलो चिरलेल्या कोबीला 25 ग्रॅम. फिश सॉस घालणार असाल तर 20. मग दोन्ही हातांनी चुरायचा. कोशिंबिरीला चुरतो तसं हलक्या हाताने नव्हे, मूठ आवळून. दहा मिनिटांत परातीत पाणी दिसू लागतं. दोन तास झाकून ठेवायचा आणि धुवायचा नाही, कारण मीठ मोजूनच घातलं आहे. सुटलेलं पाणीही बरणीतच घालायचं.

साखर हा दुसरा फरक. साध्या कोबीत चायनीज कोबीच्या जवळजवळ दुप्पट साखर असते. म्हणून मसाल्यात (मिरची, लसूण, आलं) सफरचंद, नाशपाती, साखर यातलं काही घातलं नाही. घातलं तर आंबटपणा फार पुढे जातो.

गड्डा निवडताना मात्र मी लोकांच्या उलट वागते. भाजीला आपण घट्ट, पांढराशुभ्र, दगडासारखा गड्डा शोधतो. किमचीला थोडा सैल, हिरवट पानांचा घ्यावा. मीठ चांगलं लागतं.

24 नोव्हेंबर

दोन्ही बरण्या शेजारी ठेवून चाखल्या. चायनीज कोबीची मऊ-करकरीत, रसाळ. मसाला पानात मुरलेला. साध्या कोबीची गोडसर, चावताना जास्त आवाज करणारी. मसाला अजून पानावर बसलेला, आत गेलेला नाही. तिला फ्रीजमध्ये आणखी आठवडा हवा.

साध्या कोबीच्या बरणीला पहिले तीन-चार दिवस उग्र वास येतो. तो गंधकाच्या संयुगांचा असतो, कोबी शिजवताना येतो त्याच जातीचा. खराब झालं समजून लोक इथेच बरणी ओततात. ओतू नका. थंडीत ठेवून मुरली की तो वास बराच बसतो. आलं नेहमीच्या दीडपट घातलं तर पहिल्या दिवसापासूनच सुसह्य वाटतं.

8 डिसेंबर

मुळा आला! या प्रकल्पातली माझी सगळ्यात आवडती भाजी, आणि पुण्यात राहून किमची करणाऱ्याला हिच्यासारखा दुसरा आधार नाही.

भाजीवाल्या मावशी सवयीने पाला पिरगाळून टाकायला लागल्या.

"मावशी, पाला राहू द्या."

"अहो ताई, पाला सगळे इथंच टाकून जातात. पीठ पेरून करणार व्हय?"

"पाल्याचं वेगळं लोणचं करणार आहे."

त्यांनी शेजारच्या गिऱ्हाइकांनी सोडून दिलेल्या दोन जुड्यांचा पालाही पिशवीत कोंबला. पैसे घेतले नाहीत.

कोरियन मुळा आखूड, जाड, घट्ट, वरच्या बाजूला हिरवट आणि गोडसर. आपला लांब, बारीक, जास्त पाणीदार आणि तिखट. म्हणून निवड जपून करायची. मध्यम जाडीचा, सरळ, कातडी ताणलेली. टिचकी मारून बघायचा: भरीव आवाज आला तर घ्यायचा, पोकळ आला तर आत जाळी पडलेली असते आणि अशा मुळ्याची किमची कापसासारखी लागते. पाला ताजा असेल तर मुळाही ताजा, हे तर उघडच आहे.

पाल्याकडचा वरचा अर्धा भाग गोड असतो, शेपटीकडचा तिखट. वरच्याची कक्दुगी केली, म्हणजे चौकोनी फोडींची किमची. फोडी दोन सेंटिमीटरच्या. याहून लहान केल्या तर आपल्या मुळ्याचं पाणी सुटून त्या सुरकुततात. साल काढली नाही, फक्त घासून धुतला. करकरीतपणा सालीलगतच असतो. एक किलोला 20 ग्रॅम मीठ, चाळीस मिनिटं, निथळून घ्यायच्या. पाणी टाकून दिलं, कारण आपल्या मुळ्याचा तिखट उग्रपणा त्या पाण्यात उतरतो. कोबीच्या बरोबर उलट. त्या पाण्याऐवजी तांदळाच्या पिठाची पातळ खळ घातली. चिकट तांदळाचं पीठ लागतं म्हणतात, पण आंबेमोहोराचा उरलेला गार भात मिक्सरला वाटूनही काम होतं.

शेपटीकडचा भाग लोणच्याला ठेवला नाही, उभ्या पातळ काड्या करून चायनीज कोबीच्या पुढच्या खेपेच्या मसाल्यात घातला. कोरियातही बेचूच्या पानांमध्ये मुळ्याचा कीस भरतातच.

पाल्याची किमची म्हणजे तिकडची योलमू. योलमू हा कोवळ्या पाल्यासाठीच लावलेला मुळा असतो. त्यामुळे जुन, काटेरी पानं काढून टाकली आणि आतली कोवळी तेवढी घेतली. हिला चुरायचं नाही, पिळायचं नाही, खळबळून धुवायचं नाही. पानं दुखावली की गवतासारखा हिरवा वास सुटतो आणि तो मग जात नाही. मिठाच्या पाण्यात अलगद सोडली, अर्ध्या तासाने अलगद उलटवली, मसालाही वरून ओतून बरणीच हलवली.

21 डिसेंबर

मोहरीचा पाला (उत्तर भारतीय भाजीवाल्यांकडे 'सरसों' म्हणून मिळतो). कोरियात दक्षिणेकडच्या योसूजवळ दोलसान बेटावरची 'गात किमची' प्रसिद्ध आहे, ती मोहरीच्या पाल्याचीच. तेव्हा इथे बदल असा काही नाहीच, भाजी तीच. तिखटपणा नाकात चढतो. मुरायला वेळ घेते, दोन-तीन आठवड्यांआधी काढू नये.

सोबत लसणाची पात. कोरियन किमचीत 'बुचू' नावाची चपट्या पानांची पात घालतात, तिला लसणाचा वास असतो. आपल्याकडे हिवाळ्यात मिळणारी ओल्या लसणाची पात तिच्या खूप जवळ जाते, कांद्याच्या पातीपेक्षाही. पण मग मसाल्यातला लसूण निम्मा करायचा.

5 जानेवारी 2025

नवलकोल. भाजी म्हणून आमच्या घरी कुणाला फारसा प्रिय नाही. किमचीत मात्र मला तो मुळ्यापेक्षाही खात्रीचा वाटू लागला आहे. कोरियातही, विशेषतः जेजू बेटावर, तो पिकतो आणि त्याची कक्दुगी होते.

मुठीएवढाच घ्यायचा. मोठा झाला की बुडाकडून दोरे येतात. साल जाड काढायची, चाकूला पांढऱ्या रेषा लागेनाशा होईपर्यंत. फोडी मुळ्याहून लहान, दीड सेंटिमीटर. हा पाणी फार सोडत नाही, त्यामुळे मसाला कोरडा पडतो. खळ जास्त आणि पातळ करायची. तिखट वास नाही, गंधकाचा उग्रपणा नाही, महिनाभर कडक राहतो.

गाजराबद्दल: रंगाला मूठभर ठीक. मुख्य भाजी म्हणून नको, फार गोड आणि मसाला आत घेत नाही.

19 जानेवारी

विषय भाजीचा असला तरी मिरची आणि जवळ्याबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

गोचुगारू (कोरियन भरड मिरची) मिळाली तर उत्तम. नाही तर बेडगी. देठ आणि बिया काढायच्या, कडक ऊन दाखवायचं आणि मिक्सर थांबवत थांबवत भरड फिरवायची. बारीक पूड नको, तिचा लगदा होतो. संकेश्वरी इथे वापरू नका. किमचीत मिरची मुठीने पडते, तेवढी संकेश्वरी सोसवणार नाही.

सेउजोत म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी. तिच्यासाठी कोरियात जी कोळंबी वापरतात, त्याच गोतातला आपला जवळा. आपण तो वाळवतो, ते खारवतात, एवढा फरक. कोकणातून आलेला सुका जवळा निवडून, कोरडा भाजून, पूड करून किलोला एक मोठा चमचा घातला. समुद्राची चव येते, खारटपणा येत नाही, म्हणून मीठ कमी करू नये.

16 फेब्रुवारी

लाल भोपळा. उत्तरेकडच्या ह्वांगहे प्रांतात पिकलेल्या भोपळ्याची किमची करतात, कोबीच्या बाहेरच्या हिरव्या पानांबरोबर. ती कच्ची खात नाहीत, मुरल्यावर शिजवून तिचं रश्शासारखं कालवण करतात. मला हे फार आवडलं, कारण हिवाळाभर साठलेली कोबीची बाहेरची पानं सत्कारणी लागली. पातळ काप, 2 टक्के मीठ, मसाला जेमतेम. दहा दिवसांनी आंबूस झाली, मग टोफू घालून उकळली. भाकरीबरोबर खाल्ली.

त्याच प्रांतात किमचीत कोथिंबीरही घालतात. आपल्याला काय, कोथिंबीर हाताशी असतेच. जाड देठं घातली, पानं नाहीत. पानं काळी पडतात.

13 एप्रिल

ओटा दुपारी इतका तापतो की किमची बाहेर ठेवायचे दिवस संपले. डिसेंबरात दोन-तीन दिवस बाहेर ठेवत होते, आता रात्री भरून सकाळी फ्रीजमध्ये. गारव्यात आधी ल्यूकोनोस्टॉक जातीचे जिवाणू वाढतात, तेच किमचीला सोड्यासारखी चुरचुर आणि ताजेपणा देतात. उष्म्यात आंबट करणारे लॅक्टोबॅसिलस लगेच वरचढ होतात आणि ती चुरचुर यायच्या आतच किमची आंबते.

या दिवसांत कोबीच्या नादी लागू नये. गड्डे लहान, पानं कडवट आणि भावही चढलेले. उन्हाळ्याची किमची काकडीची, 'ओई-सोबागी'. बिया न धरलेली, कोवळी, बोटभर जाडीची काकडी. फुलाकडचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून टाकायचंच, काकडी मऊ पाडणारी विकरं तिथे जास्त असतात. उभे चार काप, पण बुडाशी जोडलेले, भरल्या वांग्याला देतो तसे.

आणि मग उकळतं मिठाचं पाणी वरून ओतायचं. ऐकून धास्ती वाटते, पण काकडी शिजत नाही, उलट जास्त दिवस कडक राहते. अर्ध्या तासाने काढून, गार करून, आत पात आणि मिरचीचा मसाला भरला. ही ठेवणीची किमची नाही. चार-पाच दिवसांत संपवायची.

27 एप्रिल

"कैरी घालू का?" तीन वेगवेगळ्या मैत्रिणींकडून हाच प्रश्न. नको. किमचीचा आंबटपणा हळूहळू तयार व्हावा लागतो. कैरीने पहिल्याच दिवशी बरणी आंबट केली तर ल्यूकोनोस्टॉक वाढणारच नाहीत, त्यांना आम्ल सोसत नाही. वाढताना वाढून घ्या वरून, छान लागते.

पालक: बुळबुळीत होतो, नको. फ्लॉवर: तुऱ्यांत मसाला अडकतो, वास उग्र. दांडे मात्र सोलून नवलकोलासारखे घेता येतात. बोक चॉय: चांगला, पण दोन तासांच्या वर मिठात ठेवू नये आणि आठवड्यात खाऊन टाकावा.

12 जुलै

आषाढी झाली. आईचा चातुर्मास, कांदा-लसूण-वांगं बंद. किमची मात्र तिला हवी आहे, आणि हिवाळ्यातली मुळ्याची तिला सगळ्यात आवडली होती.

कोरियातल्या बौद्ध मठांमध्ये हे आधीपासून सोडवलेलं आहे. तिथे लसूण, कांद्याची पात, बुचू, एक रानपात आणि हिंग वर्ज्य. मासळीही नाही. तरीही मठातली किमची नावाजलेली असते. लसणाने येणारी खोली तिथे सोया सॉस, आलं, फळाची गोडी यांतून आणतात, आणि दक्षिणेत 'जेपी' नावाच्या झुडपाच्या फळांतून. हे जेपी आपल्या तिरफळाच्याच वंशातलं आहे. बांगड्याच्या तिखल्यात घालतो ते तिरफळ!

पावसाळी मुळा बारीक आणि तिखट, म्हणून निम्मा मुळा, निम्मा साधा कोबी. मुळ्याचं पाणी टाकलं, कोबीचं ठेवलं. मसाल्यात बेडगी, आलं, किसलेलं अर्धं सफरचंद (एरवी कोबीत घालत नाही, पण लसूण नसताना किमची सपक लागते), एक चमचा सोया सॉस, गार भाताची खळ. तिरफळाच्या काळ्या बिया काढून फक्त टरफलं घेतली, दोन किलोला आठ, ठेचून.

पाचव्या दिवशी उघडली. तिरफळाचा वास आधी आला, मग आल्याचा. जिभेवर हलकी बधिरता, आणि मुळ्याचा उग्रपणा त्याखाली झाकला गेला. आईने वरणभाताबरोबर दोनदा मागून घेतली, पण म्हणाली, "तिरफळ जरा पुढे जातंय गं."

बरोबर आहे तिचं. पुढच्या खेपेला चार टरफलं, ठेचून नव्हे, अख्खी, दोन दिवसांनी काढून टाकायची. आणि मुळ्याऐवजी कोवळी काकडी, पण ती कोबीत आधी मिसळायची नाही, वाढायला काढताना मिसळायची.